टाचेखाली वाकलेला काटा

पहिल्या लाटेत मला कोरोना झाला नाही. दुसऱ्या लाटेतही झाला नाही. याचं सगळं श्रेय मी स्वतःकडे घेतलं होतं, आणि कुणी विचारो न विचारो, सांगत सुटलो होतो. हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं, आणि चांदीचा कारागीर दिवसभर धगीला बसतो. एवढ्या आगीपुढं बसणाऱ्या माणसाला तो जंतू काय शिवणार, असं माझं म्हणणं. दुसऱ्या लाटेत गल्लीतली माणसं गेली तेव्हा मात्र माझं तोंड बंद झालं होतं. त्या दिवसांबद्दल मी इथं लिहिणार नाही, तो माझा आणि गल्लीचा विषय आहे.

मग तिसरी लाट आली आणि एका आठवड्यात अख्खी गल्ली शिंकायला लागली. मीही. तेही पेटत्या भट्टीसमोर बसून.

"आता गं बाई," आमची मंडळी दारातनं म्हणाली. "धग कमी पडली वाटतं. आणि दोन कोळसं टाकू का?"

शिंक आली की पैंजणाची कडी चिमट्यातनं उडायची आणि मला ती शोधत रांगावं लागायचं, आणि मी रांगायला लागलो की मंडळी हसायची. चार दिवस सर्दी, दोन दिवस ताप, आणि सुटलो. पण डोक्यात एक गोष्ट बसली ती बसलीच. दोनदा हा गडी माझ्या उंबऱ्यापर्यंत आला आणि मागं फिरला. तिसऱ्यांदा आत कसा आला?

मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीत बसलो होतो, पण मास्तर चुकीचं गणित शिकवत होते आणि मी ते त्यांना सांगितलं, तिथं शाळा संपली. गणित माझंच चुकलं होतं हे मला पुढं वीस वर्षांनी कळलं, पण तोवर माझा हात कामात बसला होता. मला एखादी गोष्ट कळली नाही की मी शिकलेल्या माणसाला धरतो आणि सोडत नाही. घरात शिकलेलं माणूस एकच, माझी नात. ती रोज एसटीनं कोल्हापूरला कॉलेजात जायची, जंतूंचं शिक्षण घ्यायची, शेवटच्या वर्षाला होती. तिला धरलं.

"काय गं, तिसऱ्या खेपेला त्याला काय नवं अवजार मिळालं का?"

पोरगी जेवत होती. घास तसाच ठेवून तिनं मांडीवर थाप मारली. "आबा, बरोब्बर! नवं अवजारच मिळालं!"

मी काय बरोबर बोललो हे मला कळलं नव्हतं, पण मान डोलावली आणि भाकरी मोडली.

मग तिनं ताटातच बोटानं चित्र काढून दाखवलं. हा विषाणू म्हणजे एक गोळा. गोळ्यावर सगळीकडनं काटे उगवलेले. एकेक काटा म्हणजे मण्यांची लांबलचक सर, हजारावर मणी, ती सर गुंडाळून गुंडाळून काट्याचा आकार होतो. आपल्या नाकातल्या, घशातल्या पेशींवर असतात बारक्या कड्या. काट्याचं टोक कडीत अडकलं की विषाणू आत. न अडकलं की गेला वाहून. आणि हा विषाणू आत शिरला की स्वतःच्या नकला काढतो, एकावर एक, भसाभस. एवढ्या घाईत नक्कल काढताना चूक होते. हजारातला एखादा मणी बदलतो. ती म्हणाली, तिसऱ्या लाटेतल्या विषाणूच्या काट्यात पाचशे एकाव्या जागेचा मणी बदललेला आहे, आणि आणखी बरेच.

"मग?"

"मग टोकाचा आकार बदलला. कडीत जास्त घट्ट बसायला लागलं. थोडे विषाणू आले तरी त्यातला एखादा अडकतोच. शिवाय आधीच्या लाटेत आपल्या अंगानं काटा वळखायला शिकलेलं असतं, तर त्या वळखीलाबी हा बदललेला काटा चकवतो."

इथं मी ताट सरकवलं. चुकून केलेलं काम जास्त घट्ट बसतं? पंचावन्न वर्षं पैंजणाचे फासे घडवलेल्या माणसाला ही सांगते? फासा म्हणजे पैंजणाचं तोंड जिथं बंद होतं तो हुक. तो केसभर वाकडा झाला तर बाईच्या पायातनं पैंजण गळून पडतं.

"चुकलेला फासा सुटतो, पोरी. बसत न्हाय. तुझं पुस्तक चुकलंय."

"पुस्तक न्हाय चुकलं, आबा."

"मग त्यो विषाणू चुकलाय!"

"तेच तर सांगालेय की मगापासनं!"

मंडळी हसून हसून भिंतीला टेकली. मी हात धुवायला उठलो आणि ते प्रकरण माझ्यापुरतं मी जिंकून टाकलं.

पण पुढच्या आठवड्यात पोरगी थर्माकोलचा एक गोळा घेऊन आली. त्याला दात कोरायच्या काड्या टोचलेल्या. तिची शेवटची परीक्षा होती, तोंडी. बाहेरगावचे परीक्षक येणार. तिचा विषय हाच, काट्यात बदल झाला की लागण कशी वाढते. कॉलेजात पुढं संशोधनाला एकच जागा होती आणि तिच्यासकट तिघींचा डोळा त्या जागेवर. मॅडमनी साफ सांगितलं होतं, परीक्षकांना जिचं काम पटेल तिला जागा. म्हणून पोरीनं नमुना करायचा घाट घातला होता. तो गोळा तिनं टेबलावर ठेवला आणि चार काड्या गळून पडल्या.

"ह्यो कोरोना हाय का वांगं?" मी विचारलं.

तिचा चेहरा पडला. मला ते बघवलं नाही आणि थर्माकोलही बघवला नाही. चांदीच्या कारागिराच्या घरातनं काड्या टोचलेलं वांगं कोल्हापुरात जाणार? मी म्हणालो, "ठेव तिकडं. मी करतो."

"आबा, दोन पाहिजेत. एक जुना विषाणू, एक बदललेला. आणि एक कड्यांचं कापड, पेशी म्हणून. मी चित्र काढून देते, तुमी फक्त चित्रात हाय तसं करा."

"अजून तुझं चित्र बघून शिकायची पाळी माझ्यावर आलेली न्हाय. जा, अभ्यास कर."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढं जे झालं ते मूर्खपणाचं वाटेल. पैंजण हे कधी एक नसतं. जोड असते. डावं आणि उजवं. पहिलं पैंजण कुणीही घडवेल. कारागीर ओळखायचा तो दुसऱ्यावरनं. दुसरं पहिल्यासारखं हुबेहूब उतरलं पाहिजे, वजनाला, लांबीला, घुंगराच्या आवाजाला. फरक पडला की ते दुसरं मुशीत जातं आणि पुन्हा चांदीचा रस होतो. माझ्या हातनं गेलेल्या जोडीत डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे सांगायला माझं मलाच जमत नाही. आणि आणखी एक. गिऱ्हाइकानं काढून दिलेल्या चित्रात दोन बाजूंत फरक दिसला तर तो कारागिरानं गुपचूप सुधारून घ्यायचा. विचारायला जायचं नाही. विचारणं म्हणजे गिऱ्हाइकाचाही कमीपणा आणि आपलाही.

पोरीनं तरीही चौकटीच्या कागदावर दोन काटे काढून दिले होते. पहिला सरळ, टोकाला तीन पाकळ्या. दुसराही तसाच, पण एका पाकळीचं टोक जरा वाकलेलं, गाठ आल्यासारखं. मी मनात म्हणालो, लेकराचा हात हलला. आणि सुधारून घेतलं.

बारा दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. तांब्याचा पत्रा ठोकून अर्ध्या वाट्या काढल्या, मोठं घुंगरू करतात तशा. दोन वाट्या जोडून एक गोळा, असे दोन गोळे. त्यावर चांदीचं पाणी. काट्यांची तार जंतरातनं ओढून बारीक केली, जंतर म्हणजे भोकांची पोलादी पट्टी. एकेका काट्याला तीन पाकळ्या, एका गोळ्यावर चोवीस काटे. मंडळीनं जांभळ्या मखमलीच्या तुकड्यावर बारीक कड्या शिवून दिल्या. ती मखमल भिंतीला टांगली, दोन्ही गोळे शेजारी ठेवले, आणि मी खोलीतनं तीनदा उगीचच ये-जा केली. एवढी देखणी जोड मी आयुष्यात दोन-चारदाच केली असेल.

परीक्षा शनिवारी. तोवर मी पोरीला कामाच्या खोलीत पाऊलही टाकू दिलं नव्हतं; गुरुवारी दुपारी ती कॉलेजातनं आली तेव्हा पहिल्यांदा दाखवलं. गोळे बघून तिनं आधी तोंडावर हात ठेवला. मग एक उचलला. आणि तो वाजला.

छुम्म.

तिनं माझ्याकडं बघितलं. पुन्हा हलवला. छुम्म, छुम्म.

"आबा... कोरोना वाजालाय."

काय सांगू. दोन अर्ध्या वाट्या जोडताना आत खडा टाकायचा, हे हाताला इतकं ठाऊक, की मी टाकला कधी ते मलाच कळलं नव्हतं. मंडळी स्वयंपाकघरातनं पळत आली, तिनं एक गोळा घेतला, पोरीनं एक, आणि दोघी खोलीभर छुमछुमत फिरल्या. मंडळी तर गौरीपुढं फेर धरल्यासारखी गिरकी घेत होती. मी आधी रागावलो, मग मलाही आवरेना.

हसणं थांबल्यावर पोरीनं डोळे पुसले आणि विचारलं, "बरं, यातला बदललेला कुठला?"

"म्हंजे?"

"जुना कुठला, नवा कुठला?"

"तुला वळखतंय का बघ!" मी छाती काढून म्हणालो. "गुंजभर फरक न्हाय."

तिनं एक गोळा मखमलीवर टाकला. लागला, लोंबला, जरा झटका दिल्यावर सुटला. दुसरा टाकला. लागला, लोंबला, तेवढ्याच झटक्यानं सुटला. ती खाली बसली. कागद घेतला, त्या वाकलेल्या टोकावर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "आबा, ह्येच तर सगळं होतं."

"ती चूक न्हवती?"

"चूकच होती. तीच पाहिजे होती."

परवा परीक्षा. दोन गोळे सारखेच असतील तर ती परीक्षकांना दाखवणार काय? मी तिची पूर्ण परीक्षा जोडीत घालवली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेवढ्यात हातातला गोळा छुम्म वाजला, आणि तिला हसूही आलं. रडणं आणि हसणं एकदम सुरू झालं की माणसाला उचकी लागते. तिला लागली.

"रडू नगंस," मी म्हणालो. "उद्या संध्याकाळपर्यंत बिघडवून देतो. बिघडवायला काय अक्कल लागती?"

लागते. शुक्रवारी सकाळी बसलो आणि दुपारपर्यंत मला घाम फुटला. चित्रावरनं आकार उतरवला तर टोक कडीत शिरेना. कागदावरचं वाकण आणि तारेतलं वाकण यात फार अंतर असतं. मग अंदाजानं वाकवायला लागलो. पण हात ऐकेना. एक पाकळी वाकवली की दुसरी आपोआप तेवढीच वाकवायचा, तिसरीही. सुंदर, सारखं, आणि निरुपयोगी. एक फार वाकलं, कडीत जाईना. एक कमी वाकलं, लगेच सुटलं. एक तर इतकं बिघडलं की कडीला लागून घसरून माझ्याच बोटात घुसलं.

"बघ!" मी ओरडलो. "बिघडलं की सुटतंच. मी म्हणत हुतो!"

पोरगी सुट्टी घेऊन शेजारीच बसली होती. "तसंच असतं आबा. बहुतेक चुकांनी विषाणूचं नुकसानच हुतं. ते मरतात, कुणाला कळतबी न्हाय. हजारातली एखादीच कामाला येती. तुमी चुकत रावा."

चुकत राहा! उभ्या जन्मात मला असं कुणी म्हणालं नव्हतं. मी चुकत राहिलो. फुकट गेलेले काटे मुशीत टाकायला बाजूला सारत होतो आणि ती एकेक उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकत होती. मी विचारलं कशाला, तर म्हणाली असूद्यात.

तीन वाजले. मंडळी चहा घेऊन आली. जमिनीवर काटे पसरलेले, तिला दिसत नाही नीट, एका डोळ्यात मोतीबिंदू. आणि तिनं पाय ठेवला.

"आई गं मेले!"

कप एकीकडं, बशी एकीकडं, चहा माझ्या धोतरावर. मंडळी एका पायावर नाचत भिंतीपर्यंत गेली आणि तिथनं तिनं माझ्या धंद्याचा, कोरोनाचा आणि चौथी पास नवऱ्याचा असा काही उद्धार केला की शेजारीण खिडकीत आली. पोरीनं तिला धरलं, टाचेतनं काटा काढला. फार लागलं नव्हतं, वाटाण्याएवढं रक्त. मी तो काटा फेकणार होतो. फेकायच्या आधी सहज मखमलीला लावला. सवय.

तो लागला. झटका दिला. सुटेना. जोरात दिला. मखमलच खिळ्यासकट भिंतीतनं निघाली.

आम्ही तिघं त्या काट्याकडं बघत बसलो. मंडळीच्या टाचेनं एक पाकळी खाली दाबली गेली होती आणि तिच्या टोकाला बाजूला पीळ पडला होता. कुठल्याही कारागिरानं, शुद्धीत असताना, तार अशी वळवली नसती. मीही नसती. मी चष्मा लावून बघितलं, भिंगानं बघितलं. ते वाकडं टोक कडीच्या आतल्या बाजूला जाऊन टेकत होतं, जिथं सरळ पाकळी पोचतच नव्हती. एक टेका जास्त. एवढंच. फक्त एवढंच! आणि सगळी पकड बदलली होती.

"आज्जी," पोरगी म्हणाली, "तू म्युटेशन केलंस."

"मी काय बी केलं न्हाय," मंडळी हळद लावत म्हणाली. "ह्यांनीच पसारा मांडून ठेवलाता."

"तसंच असतं गं! विषाणूबी मुद्दाम काय करत न्हाय!"

मला जे काय झालं ते सांगता येत नाही. मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. पंचावन्न वर्षं मी चुकलेला माल आटवत आलो. त्यात असे किती फासे गेले असतील, चुकून जन्मलेले, माझ्या चांगल्या फाशांपेक्षा घट्ट बसणारे, आणि मी त्यांना लावून न बघताच मुशीत टाकलं! वाईट वाटायला हवं होतं. पण मला इतकं हसू येत होतं की पोट धरून बसलो.

आणि आता काम माझं होतं. टाच एकदाच चुकते. चोवीस काटे तसेच पाहिजेत, तर गोळा नवा होणार. नक्कल म्हटल्यावर माझा हात पुन्हा माझा झाला. तो पीळ मी तारेत हुबेहूब उतरवायला लागलो, एकेक पाकळी भिंगाखाली धरून, टाचेनं जेवढी दाबली तेवढीच. पोरगी बघत राहिली. म्हणाली, "विषाणू असंच करतोय, आबा. चूक एकदा झाली की तिची नक्कल मात्र चोख." दिवेलागणीपर्यंत दुसऱ्या गोळ्याचे सगळे काटे बदलून झाले. वाकड्या कामाची एवढी सरळ नक्कल हुपरीत दुसऱ्या कुणाला जमली असती तर मी धंदा सोडला असता.

शनिवारी गोळे मी स्वतः घेऊन गेलो. दुसऱ्याच्या हातात देणार नव्हतो. दोन्ही गोळे मांडीवरच्या पिशवीत, सोबत लागलं तर असावं म्हणून पकड आणि तारेचं वेटोळं; शेजारी पोरगी, तिच्या मांडीवर मखमलीची गुंडाळी आणि पायाशी लोणच्याची बरणी. ती ओठ हलवत पाठांतर करत होती, चेहरा पांढरा पडलेला. रस्त्याला खड्डा आला की छुम्म. पुढच्या सीटवरचा माणूस मागं वळला.

"पावणं, काय वाजालंय वो पिशवीत?"

"कोरोना," मी म्हणालो.

तो माणूस उठला आणि ड्रायव्हरच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारचीही उठली. कंडक्टर आला, त्यानं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि गळ्यातला मास्क नाकावर चढवला. उचगावपर्यंत आमच्या पुढची दोन बाकं मोकळी होती. पोरगी पाठांतर विसरून खिडकीला डोकं लावून हसत होती. तिच्या गालावर पुन्हा रंग आला, मला तेवढं पुरे होतं.

कॉलेजात मला आत सोडलं नाही. बाहेर व्हरांड्यात बाकावर बसवलं. दार अर्धं उघडं होतं आणि माझे डोळे-कान शाबूत आहेत. परीक्षक जाडजूड, चष्मेवाले, खादीचं जाकीट घातलेले. कोपऱ्यात तिच्या मॅडम. पोरीनं आधी जुना गोळा मखमलीवर टाकला. लागला, झटक्यानं सुटला. मग नवा. लागला तो लागला.

परीक्षक हसले नाहीत. म्हणाले, "हे तुम्ही घडवून आणलंय. घट्ट बसेल असाच काटा केला, म्हणून तो घट्ट बसला. यातनं सिद्ध काय झालं?"

मी बाकावरनं अर्धा उठलो. प्रश्न खरा होता.

मग बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तिनं सगळे फुकट गेलेले काटे टेबलावर ओतले.

"सर, सिद्ध काही होत नाही. हा नमुना आहे, प्रयोग नव्हे. पण हा काटा आम्ही घट्ट बसेल म्हणून केला नाही. तसा करायला गेलो तेव्हा हे सगळे झाले," तिनं ढिगाकडं हात केला, "आणि यातला एकही बसत नाही. जो बसला तो माझ्या आजीच्या टाचेखाली सापडला होता. बदल आंधळा असतो. पकड वाढली तर तो टिकतो आणि पसरतो, नाही वाढली तर बरणीत जातो. मला एवढंच दाखवायचं होतं. आणि पकड वाढली म्हणजे आजार जास्त गंभीर होईलच असं नाही, ते वेगळं तपासावं लागतं."

परीक्षक बराच वेळ बरणीतले काटे एकेक करून मखमलीला लावून बघत होते. लहान पोरासारखे. मग त्यांनी नवा गोळा उचलला, जवळ धरून बघायला गेले आणि तो त्यांच्या जाकिटाला बसला.

त्यांनी ओढला. छुम्म. मॅडमनी ओढला. छुम्म, छुम्म. पोरगी दारात आली. "आबा, आत या लवकर!"

मी आत गेलो तेव्हा परीक्षक छातीवर कोरोना लावून उभे होते आणि मॅडम खिडकीकडं तोंड करून हसत होत्या, खांदे हलत होते. मी पिशवीतनं पकड काढली आणि एकेक पाकळी सोडवायला लागलो. ते मान वर करून उभे, शिंप्याकडं माप देताना उभं राहतात तसे.

"आजोबा, तुम्ही केलंत हे?"

"व्हय."

"दोन्हीत चांगलं काम कुठलं म्हणाल?"

मी हात थांबवला. एवढ्या लोकांसमोर खोटं कशाला बोलू. "कामाला पहिलंच चांगलं," मी म्हणालो. "दुसरं मी एरवी दारातबी ठेवलं नसतं. पण कोरोनाला काम बघायचं न्हाय, सायेब. त्याला कडीत बसायचंय."

ते इतके मोठ्यानं हसले की शेवटची पाकळी आपोआप सुटली. मग चष्मा पुसत मॅडमना म्हणाले, "मला पटलं. जागा हिला द्या. आणि हे वाजणारं यंत्र विभागात ठेवून घ्या." पोरीनं तिथंच माझे पाय धरले, मी तिला वर ओढलं, आणि उगीच मॅडमवर ओरडलो, "ठेवायचं तर काचेच्या कपाटात ठेवा, धुळीत न्हाय."

मॅडम म्हणाल्या, "ठेवू की. पण आजोबा, मध्यंतरी आणखी एक नवा प्रकार आलाय. काट्यात दुसऱ्याच जागेचे मणी बदललेत. त्याचा पण एक गोळा करून द्याल का?"

नवा प्रकार! मला आनंद लपवता येईना. म्हणजे मी जिवंत आहे तोवर या विषाणूच्या चुका काही संपायच्या नाहीत.

"चित्र आणा," मी म्हणालो, "आणि चित्रात जे वाकडं असंल त्याच्यावर लाल पेनानं मोठा गोल करा." आणि पिशवीतनं तारेचं वेटोळं काढून तिथंच फरशीवर मांडी घातली.